उत्की कुणाकडं हाय?

कोर्टाच्या मॅडम घर बघायला येणार म्हटल्यावर सुभेदार नाथाजींनी सगळ्यात आधी दारातल्या दगडांना चुना मारला. वाटेच्या दोन्ही अंगाचे दगड पांढरेफेक झाले. उरलेला चुना वाया कशाला घालवायचा म्हणून मग चिक्कूचा बुंधा, पाण्याची टाकी आणि बेसावध उभ्या असलेल्या शेळीचा एक पायसुद्धा रंगला. पलटणीत असताना मोठे साहेब तपासणीला आले की असंच करायचे. पलटण सोडून कैक वर्षं झाली, पण जगात तपासणीची दुसरी कुठली रीत निघाली असेल हे नाथाजींना मान्य नव्हतं.

"आवं, मॅडम पोरगी बघाय येणार हायत का दगडं?" साळूबाईंनी चुलीपासूनच तोंड सोडलं.

"तपासणी म्हंजी तपासणी. तू तुझं पोहं बघ."

साळूबाईंची तरी काय वेगळी तऱ्हा? 'पोरगी बघायला येणार' या शब्दांचा त्यांना आयुष्यभर एकच अर्थ ठाऊक. त्यांनी पोहे भिजवले, खोबरं खवलं, नवे कप काढले आणि नऊ वर्षांच्या उत्कीला पुढ्यात बसवून सांगितलं, "नजर खाली ठिवायची. इचारतील तेवढंच बोलायचं. कप देताना हात हालला न्हाई पायजे."

"आज्जी, माझं लगीन हाय का?"

"कोर्टाचं काम हाय बाई. लग्नापरीस वंगाळ."

उत्की म्हणजे उत्कर्षा. नाथाजींच्या मयत पुतण्याची लेक. आई आणि बाप दोघंही एकाच मोटारसायकलवरून गेले, तेव्हापासून ती शेळक्यांच्या तिन्ही घरांची झाली. न्याहारी नाथाजींकडे, म्हणजे तात्याआजोबांकडे, जेवण मागच्या घरात त्यांच्या लेकाकडे, वीरधवलकडे, आणि झोप मधल्या दोन खोल्यांत आत्याजवळ. मोरजाईवाडीत कुणाला यात वावगं वाटत नव्हतं. पोर तिघांची, म्हणजे तिप्पट लाडाची.

पण तिघांची पोर म्हणजे कुणाचीच नव्हे, हे गेल्या साली मिरजेला कळलं. लग्नाला म्हणून सगळं वऱ्हाड लोणंदहून रेल्वेनं मिरजेला गेलं होतं. परतताना गर्दी मरणाची. बायका एका डब्यात चढल्या, पुरुष दुसऱ्या. उत्की पुरुषांबरोबर असेल असं बायकांनी धरलं, बायकांबरोबर असेल असं पुरुषांनी धरलं, आणि उत्की मिरजेच्या फलाटावर बाकावर बसून जिलेबी खात राहिली. लोणंदला उतरल्यावर साळूबाईंनी पहिला प्रश्न विचारला, "उत्की कुणाकडं हाय?" आणि पुरुषांनीही त्याच दमात तोच विचारला.

मग रेल्वे पोलीस, मग सांगलीची बाल कल्याण समिती. तिथं विचारलं, "मुलगी कुणाची?" सगळे एका सुरात म्हणाले, "आमची." "तुमची म्हणजे नेमकी कुणाची?" यावर जी भांडणं लागली ती समितीच्या दारापर्यंत ऐकू गेली. अखेर साताऱ्याच्या कोर्टानं आत्याला, म्हणजे एसटीत कंडक्टर असलेल्या संयोगिताला, कायदेशीर पालक नेमलं. पण वर देखरेख ठेवली. वर्षानं घरी येऊन पाहणी होणार, अहवाल जाणार, मग पुढचं. त्यातच उत्कीच्या मिरजेच्या मामानं, जयराजनं, पोरगी आपल्याकडे द्यावी म्हणून अर्ज टाकला. आजचा अहवाल बिनसला तर उत्की मिरजेला जाणार होती. हे सगळ्या घराला ठाऊक होतं. संयोगिताला तर रात्रंदिवस दुसरं काही ठाऊकच नव्हतं.

मागच्या घरात दीपमाला पडद्याला चिमटे लावत होती. वीरधवलची बायको. सासू पुढच्या घरात पोहे करतेय म्हटल्यावर तिनं इकडे शिरा चढवला होता. मॅडम शेवटी खाणार कुठं, याच्यावर तिच्या मते सगळं ठरणार होतं.

"खरं सांगू का भाऊजी," ती जयराजला म्हणाली, "तुमच्याकडं गेली तर पोरीचं कल्याण हुईल. इंग्लिश शाळा. हितं काय, तात्या तिला सकाळी परेड करायला लावत्यात."

जयराज मिरजेहून सकाळीच गाडी घेऊन आला होता. मेडिकल दुकानवाला, स्वच्छ कपड्यांचा, सारखा रुमालानं मान पुसणारा माणूस. बहिणीच्या आठवणीनं त्याचा जीव या पोरीत अडकला होता, हेही खोटं नव्हतं. "वहिनी, तुम्ही मॅडमसमोर असंच बोलाल का?"

"बोलीन की. पण शिरा खाल्ल्यावर."

तेवढ्यात वीरधवल आत आला. "दीपे, ही खाट आपली का तात्यांची?"

"आपली. उत्कीची म्हणून लावलीया. टेबल बी मांडलंय, दप्तर बी."

"आगं, तात्यांनी बी तिकडं उत्कीची खाट लावलीया. वर घोंगडं, मोजं, डबा, ब्रश, सगळं दोरीत वडल्यागत. आन् संयीच्या खोलीत तिची खरी खाट हायच. मॅडम म्हणतील, एका पोरीला तीन खाटा? काय राणी हाय का काय?"

"मग तात्यांना सांगा काढाय."

"मी सांगू? तात्यांना?" वीरधवल पन्नाशीला आला होता, पण बापाला सांगायची वेळ आली की त्याला लगेच ट्रॅक्टरचं काम आठवायचं. आत्ताही आठवलं.

जयराजला मनातून बरं वाटलं. तीन घरं, तीन खाटा, एकाचा एकाला पत्ता नाही. आपण काही बोलायचीसुद्धा गरज नाही, मॅडमना दिसेलच सगळं.

मॅडम एसटीनं येतील असं सगळ्यांनी धरलं होतं. त्या आल्या स्कूटीवरून, शेतातल्या वाटेनं, आणि थेट पांढऱ्या दगडांच्या मधोमध उभ्या राहिल्या. अक्षता कांबळे, बाल संरक्षणाच्या कामातल्या. तिशीच्या, बारीक चणीच्या, खांद्याला पिशवी. नाथाजी कडक सावधानमध्ये उभे.

"जय हिंद मॅडम! पाहणीसाठी सगळं तयार!"

"जय हिंद," मॅडम जरा दचकूनच म्हणाल्या. "काका, त्या शेळीच्या पायाला प्लॅस्टर आहे का?"

"चुना हाय मॅडम."

संयोगिता साडीच्या पदराला हात पुसत पुढं आली. तिनं आज रजा टाकली होती आणि खाकी सोडून साडी नेसली होती, त्यामुळे तिला आपणच कुणा दुसऱ्याच्या घरी आल्यासारखं वाटत होतं. मॅडम ओट्यावर बसल्या. डाव्या हाताला पोहे आले, उजव्या हाताला शिरा आला. सासू-सून एकमेकींकडे न बघता उभ्या राहिल्या. मॅडमनी दोन्ही बशा बाजूला ठेवल्या आणि साधाच प्रश्न विचारला.

"उत्कर्षा कुठं आहे?"

"मागच्या घरात," नाथाजी ताडकन म्हणाले. "अभ्यास करतीया."

"आमच्याकडं न्हाई बाई," दीपमाला म्हणाली. "रिबीन घिऊन मी तिला सासूबाईंकडं धाडली."

"माझ्याकडनं येणी घालून कवाच गेली. तात्यांनी बोलवलं म्हणाली, परेडीला."

"परेड झाली! डिसमिस केली तिला. जयराजच्या गाडीत बसली आसंल, गाणी ऐकाय."

"माझ्या गाडीला कुलूप आहे," जयराज म्हणाला, आणि मग एकदम त्याच्या तोंडचा रंग उडाला. "म्हणजे... ती नाहीये?"

"तुमच्यापैकी कुणालाच माहीत नाही?" मॅडमनी विचारलं.

"म्हाईत हाय की!" साळूबाई म्हणाल्या. "परसाकडं गेली आसंल."

"शाळेत गेली आसंल," वीरधवल म्हणाला. तो दिवस रविवार होता.

"झोपली आसंल," नाथाजी म्हणाले, आणि सगळे एकदम तिन्ही खाटांकडे धावले. नाथाजींच्या खाटेवरचं घोंगडं पहिल्यांदाच विस्कटलं. जयराज पांढऱ्या शर्टानिशी दीपमालाच्या खाटेखाली शिरला आणि तिथून कोंबडी घेऊन बाहेर आला. साळूबाई कणगीत वाकून "उत्के, ए उत्के" करत होत्या. उत्की कणगीत कशी मावेल हे विचारायच्या मनःस्थितीत कुणी नव्हतं.

संयोगिता मात्र ओट्यापाशीच उभी होती. मिरज झालं तेव्हा ती ड्युटीवर होती. बातमी कळताच तशीच खाकी गणवेशात मिरजेला गेली, आणि खाकी बघून रेल्वे पोलिसानं आधी तिलाच सलाम ठोकला होता. तेव्हा निदान म्हणता आलं होतं, मी नव्हते. आज ती दहा पावलांवर होती, चटणी वाटत होती.

"मॅडम," ती म्हणाली, "माझी पोर कुठं हाय ते मला म्हाईत न्हाई. ल्या लिहून. पालकाला म्हाईत न्हाई. खोटं न्हाई बोलत मी. पर आत्ता मी तिला हुडकाय चाललीया, तुमचं प्रश्न मागनं इचारा."

मॅडमनी पेन काढलं नाही. त्या उठल्या आणि म्हणाल्या, "मीही येते. तिला शेवटचं काय सांगितलं होतं, आठवा."

संयोगितानं डोळे मिटले, आणि उघडले ते घरच्यांवरच. "मॅडमस्नी थांब्यावरनं आणाय कोण जाणार हुतं?"

"वीरू," नाथाजी म्हणाले.

"मी? जयराजभाऊजी गाडी घिऊन जाणार हुतं."

"मला वाटलं सुभेदार स्वतः जाणार."

"म्हंजी कोणच गेलं न्हाई," संयोगिता म्हणाली. "मग तीच गेली."

मग जो पळापळीचा कालवा झाला! नाथाजींच्या जीपमध्ये मॅडम, संयोगिता आणि साळूबाई. जयराजच्या गाडीपुढं ट्रॉली आडवी, म्हणून तो वीरधवल-दीपमालाबरोबर त्याच ट्रॉलीत चढला, शेणखताच्या मोकळ्या गोणींवर.

फाट्यावरचा थांबा म्हणजे दगडी शेड, मागच्या भिंतीला एक झरोका. जीप अलीकडे थांबली. संयोगिता धावत शेडच्या मागं पोचली, आणि आतून आवाज आला म्हणून भिंतीला हात टेकून उभी राहिली. मॅडम तिच्या मागं. हळूहळू सगळेच येऊन भिंतीला चिकटले.

आत बाकावर उत्की बसली होती. शेजारी बनुबाई नावाची एक म्हातारी. मिरजेला दवाखान्यात तपासून लोणंदला उतरली, तिथून एसटी धरली, आणि पुढच्या गावाऐवजी इथंच उतरून बसली होती. हातात एक्स-रेच्या फोटोचं मोठं पिवळं पाकीट. कोर्टाच्या मॅडमकडं मोठं पाकीट असणार, एवढं उत्कीला कळत होतं. पाकीट दिसलं की तिनं म्हातारीला धरलंच.

"नाव उत्कर्षा, इयत्ता चौथी, रक्तगट बी पॉझिटिव्ह," उत्की सावधान बसून म्हणत होती. "मी इथे सुखी आहे. मला दोन वेळ जेवण आणि एक वेळ दूध मिळतं. जय हिंद."

"बरं हाय बाई तुझं," बनुबाई म्हणाली. "मला सून एकच येळ च्या देती."

"तुमी लिहून घ्या की."

"मला लिवाय कुठं येतंय?"

"कोर्टात चालतं तसं?"

भिंतीमागं नाथाजींनी दात-ओठ खाल्ले. मॅडमनी तोंडावर रुमाल धरला होता.

"मी रात्री आत्याकडं झोपते," उत्की पुढं म्हणाली. "तात्याआजोबांनी तसं सांगायला सांगितलंय. पण मी खरंच तिच्याकडंच झोपते. ती झोपेत अंगावर पाय टाकते. आन् झोपेतच म्हणते, पुढं सरका, पुढं सरका."

दीपमाला फिसकन हसली. संयोगितानं मागं न बघता तिला कोपर मारलं.

"मामा म्हणतो मिरजेला चल. इंग्लिश शाळा हाय."

"मग जा की. चांगलं गाव हाय. डागदर लय."

"न्हाई." उत्कीचा आवाज बारीक झाला. "मिरजेला मला इसरल्यालं. मी बाकावर हुते. गाडी गेली तरी कोण परत आलं न्हाई. मामा चांगला हाय, पण मिरज म्हटलं की माझ्या पोटात दुखतं."

जयराजचा रुमाल मानेवरच थांबला.

"आई गं! मग?"

"मग आत्या आली. लय उशिरा, पण आली. तिनं सांगितलंय, पुन्हा कवा कुणी इसरलं तर पळायचं न्हाई, रडायचं न्हाई. जिथं आसशील तिथंच बस, म्हणली. मी येते."

"आन् न्हाई आली तर?"

"येतीच. गाडी लेट आसती, पण येती. बघा तुमी, आत्ता बी यील."

संयोगितानं शेडला वळसा घातला. ती पुढं येऊन म्हणाली, "आले की गं."

उत्कीनं बनुबाईकडं मान वळवली. "बघा! म्हणलं न्हवतं?"

मग जे रडणं लागलं त्याला काही धरबंध राहिला नाही. संयोगिता पोरीला छातीशी धरून रडली. साळूबाई रडल्या, दीपमाला रडली, आणि रडता रडता सासूच्याच पदरानं तिनं नाक पुसलं, तरी त्या काही बोलल्या नाहीत. नाथाजींनी चष्मा काढून उगाच आभाळाकडं बघितलं. बनुबाईला काहीच कळलं नव्हतं, पण एवढी माणसं रडतायत म्हटल्यावर तीही लागली.

"या कोण?" उत्कीनं मॅडमकडं बोट केलं.

"ह्याच त्या कोर्टाच्या मॅडम."

"मग ह्या कोण?"

"आगं माझे बाई, मी बनू. मला पुढच्या गावाला सोडा की कोणतरी."

"चला, आधी आमच्याकडं पोहं खावा," साळूबाई म्हणाल्या.

"शिरा बी हाय," दीपमाला म्हणाली.

परतताना ट्रॉलीत जयराज गोणीवर बसला होता. दीपमालानं विचारलं, "काय भाऊजी, मॅडमस्नी कवा सांगू मग? इंग्लिश शाळंचं?"

"नका सांगू," तो म्हणाला. "मी अर्ज मागं घेतो. ताईची लेक आहे, वहिनी. माझं गाव म्हटलं की तिच्या पोटात दुखतं. कशाला नेऊ मी तिला? मीच येत जाईन महिन्याला."

"या की. मी तरी कुठं मनापासनं म्हणत हुते," दीपमाला म्हणाली, आणि आपण मनापासूनच म्हणत होतो हे ती लगेच विसरून गेली.

घरी आल्यावर पाटपाण्याची गडबड उडाली. बनुबाईला खुर्ची मिळाली. शेळीनं तेवढ्यात एक बशी पोहे संपवले होते, त्यावरून नाथाजी आणि साळूबाईंचं थोडं झालं. सगळी माणसं कशी हलकी झाली होती. साळूबाईंनी नव्या बशीत पोहे वाढले, वर दीपमालानं शिऱ्याचा चमचा ठेवला, आणि दोघी एकदम म्हणाल्या, "मॅडम, घ्या."

मॅडम नव्हत्या.

"जीपमधनं उतरल्या न्हवं?" वीरधवल म्हणाला.

"जीपमधी? त्या ट्रॉलीत हुत्या की तुमच्याबरं," नाथाजी म्हणाले.

"ट्रॉलीत ही बनुबाई होती," जयराज म्हणाला. त्यानं ओट्याला टेकलेल्या स्कूटीकडं बोट केलं.

कुणी कुणाकडं बघेना. उत्की कुणाकडं आहे ते आता सगळ्यांना माहीत होतं. ती संयोगिताच्या कडेला उभी होती, तिचा पदर मुठीत धरून.

"आत्या," ती म्हणाली, "मॅडम राहिल्या."

"संपलं सगळं," संयोगिता पुटपुटली. मग तिनं वीरधवलच्या हातातून मोटारसायकलची किल्ली हिसकावली. "कोणी मागं यायचं न्हाई. एक बी माणूस हलला तर बघा. उत्के, बस."

फाट्यावर ऊन चढलं होतं. शेडमध्ये त्याच बाकावर, मांडीवर पिशवी घेऊन, कांबळे मॅडम बसल्या होत्या. संयोगिता गाडीवरून उतरून धावत पुढं आली.

"मॅडम, आमची माणसं..."

"वाईट नाहीत," मॅडम म्हणाल्या. "त्यांना फक्त एकदम दोन गाड्या देऊ नका."

"तुमी लय चिडला आसाल."

"चिडले होते. फोन करणार होते, चालतही निघणार होते. इतकंच कशाला, अहवाल लिहायला घेतला होता. तेव्हा काय लिहिणार होते ते विचारू नका." त्यांनी उत्कीकडं बघितलं. "मग म्हटलं, ही एवढीशी पोर सांगून गेली आहे, तर बघावं बसून. जिथं आहे तिथंच. हलले नाही मी."

"मग आली न्हवं?" उत्की म्हणाली.

"आली."

मॅडमनी पिशवीतून कागद काढला. "कोर्टाला कळवायचंय की पालकत्व तुमच्याकडं चालू राहावं की नाही. कोर्ट काय ठरवेल ते कोर्ट ठरवेल. पण माझ्याकडून 'राहावं' असं जाईल. फक्त त्याचं कारण मला लिहावं लागतं. काय लिहू?"

संयोगितानं त्या कागदाकडं बघितलं. अख्ख्या जन्मात तिनं हजारो तिकिटं फाडली होती, पण असा कागद कुणी पुढं धरला नव्हता.

"लिहा की," उत्कीच म्हणाली. "गाडी लेट आसती. पण येती."

मॅडमनी ते तसंच्या तसं लिहिलं. मग तिघी मोटारसायकलवर बसल्या, मधे उत्की. संयोगितानं किक मारली, पण गाडी सोडली नाही. सवयीनं तिनं आधी मागं वळून शेडमधला बाक बघितला. उत्कीनंही बघितला. बाक रिकामा होता.

"कोण राहिलं न्हाई आत्या," उत्की म्हणाली, आणि तिच्या पाठीवर बोटानं दोनदा टकटक केलं. "टण टण. जाऊ दे."